फोनचंही अभिहस्तांतरण व्हावं

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय : कंपनीने अपडेट थांबवलेल्या उपकरणाचं कुलूप मालकाला उघडता यावं, याबाबत.

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती निर्देशांक (वस्तूची दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण) कसा असावा, याचा आराखडा आपल्या विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये सादर केला. वस्तू किती खोलवर उघडावी लागते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती आणि हत्यारं उपलब्ध आहेत का, सॉफ्टवेअरचे अपडेट मिळतात का, असे निकष त्यात आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून विभागाने हा विषय सोडलेला नाही, याचा माझ्यासारख्या उपकरणांच्या वेडापायी रात्री जागवणाऱ्या माणसाला मनापासून आनंद आहे.

माझी विनंती त्यापुढच्या पायरीची आहे. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी, तसं फोनचंही अभिहस्तांतरण व्हावं. कंपनीने एखाद्या फोनचे, घड्याळाचे किंवा राउटरचे अपडेट थांबवले, की त्या दिवसापासून त्याचं बूटलोडर (कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारं आतलं कुलूप) मालकाला अधिकृतपणे उघडता आलं पाहिजे आणि त्यावर नवं सॉफ्टवेअर बसवायला लागणारा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला झाला पाहिजे. निर्देशांकात याला स्वतंत्र गुण असावेत आणि पुढे त्याचा नियमच व्हावा.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहितो आहे त्यांनाही ते वाचता आलं पाहिजे.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि तिच्या आसपास फुटलेला स्क्रीन, फुगलेली बॅटरी, ढिला झालेला चार्जिंगचा पिन सगळं बदलून मिळतं. तिथले कारागीर बोर्डावरची बारीक आयसी गरम हवेने उचलून दुसरी बसवतात. पण ज्या फोनचं हार्डवेअर ठणठणीत आहे आणि शेवटचा सुरक्षा अपडेट येऊन काही वर्षं झाली आहेत, असा फोन समोर ठेवला की तेही हात टेकतात. तो दुरुस्त करायला हत्यार लागत नाही, परवानगी लागते, आणि ती परवानगी कंपनीकडे असते.

असे फोन कोणाच्या हातात असतात, हे पुण्यात दोन दिवस डोळे उघडे ठेवून फिरलं तरी कळेल. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, थोरल्या भावाचा जुना फोन वापरणारी धाकटी बहीण, सोसायटीचे वॉचमनकाका, घरकामाला येणाऱ्या मावशी. याच फोनवरून ही माणसं यूपीआयने पैसे पाठवतात, आधारचा ओटीपी घेतात, पोराच्या शाळेची फी भरतात. फसवणुकीचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना सोसणार नाही, त्यांच्याच हातात सगळ्यात जुनं, भोकं न बुजवलेलं सॉफ्टवेअर आहे. महागडे फोन घेणाऱ्यांची सोय होते आहे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. स्वस्त फोनांपैकी पुष्कळांच्या नशिबी दोन-तीन वर्षांपुढे काही नसतं.

आता आतलं थोडं सांगतो, कारण मागणी नेमकी का करतो आहे ते त्यावाचून कळणार नाही. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा गाभा, असतो. त्याच्यावर चिप बनवणाऱ्या कंपनीचे कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, असतात आणि त्यांतल्या बऱ्याचांचा कोड बंद असतो. सगळ्यात वर अँड्रॉइड. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने वरचा आणि मधला थर वेगळा केला, त्यामुळे खालचं फारसं न हलवता वरचं अँड्रॉइड बदलणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. म्हणजे तांत्रिक वाट आहे. अडतं ते बूटलोडरपाशी. फोन चालू होताना हा छोटा प्रोग्राम पुढच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते पाहतो. सही नसेल तर पुढे जाऊ देत नाही. चोरापासून आणि व्हायरसपासून बचाव म्हणून ही व्यवस्था चांगलीच आहे. पण कंपनीने सह्या करणंच थांबवल्यावर ती कोणाचा बचाव करते?

लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. फोन विकणाऱ्याने कर्नलचा सोर्स कोड, तो बांधायला (कोडापासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायला) लागणाऱ्या स्क्रिप्टसह, मागणाऱ्याला दिला पाहिजे, असं तो परवाना सांगतो. कित्येक कंपन्या तो वेळेवर देत नाहीत, आणि दिला तरी बांधायला बसलं की अर्ध्या फाइली गायब असतात. त्याहून मोठी अडचण अशी, की कोड देणं बंधनकारक असलं तरी कुलूप उघडून देणं बंधनकारक नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत, बदललेलं सॉफ्टवेअर उपकरणावर बसवायला लागणारी माहितीही द्या, असं कलम आलं. लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. परवान्याने मोकळी सोडलेली ही जागा भरणं आता कायद्याच्याच हातात आहे, म्हणून आपल्याकडे आलो आहे.

कुलूप उघडलं तर काय होतं, याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका राउटरची आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर. त्यात लिनक्स आहे हे २००३ मध्ये काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं. त्यांनी परवान्याचं कलम पुढे करून कोड मागितला आणि त्याच वर्षी कंपनीला तो द्यावा लागला. त्या कोडातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. घरगुती किमतीच्या राउटरवर लोक मोठ्या उपकरणांची कामं करू लागले. पुढे कंपनीने त्याच मॉडेलात मेमरी कमी करून दुसरी प्रणाली घातली, तेव्हा मागणी इतकी होती की लिनक्सवाल्यांसाठी नावात ‘एल’ लावलेलं वेगळं मॉडेल काढावं लागलं आणि ते वर्षानुवर्षं विकलं गेलं. कोड दिल्याने कंपनीचा धंदा बुडाला नाही. तिचा राउटर जगभर ओळखला गेला. ओपनडब्ल्यूआरटी आजही चालू आहे आणि कंपन्यांनी कधीच सोडून दिलेल्या कितीतरी राउटरना त्याच्यामुळे सुरक्षा अपडेट मिळतात.

फोनांच्या बाबतीतही हेच घडलं आहे. एचटीसी एचडी २ हा २००९ चा फोन विंडोज मोबाइल ६.५ घेऊन आला होता. हौशी डेव्हलपरांनी त्यावर अँड्रॉइड चालवलं, विंडोज फोन ७ चालवलं, उबुंटूही चालवलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या सायनोजेनमॉड या अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीने अनेक फोनांना कंपनीपेक्षा जास्त आयुष्य दिलं. त्याच्यामागची कंपनी २०१६ च्या डिसेंबरात बंद पडली, तर काही दिवसांत तोच कोड घेऊन लिनिएजओएस उभा राहिला. एकाने हात टेकले तर दुसऱ्याने उचलायचं, हे खुल्या कोडामुळेच शक्य झालं. भारतातल्या वाचकांना सायनोजेनची प्रणाली असलेल्या वनप्लस वन या फोनची २०१४ ची भानगड आठवत असेल. सायनोजेनचे भारतातले हक्क मायक्रोमॅक्सकडे गेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं, आणि फोन घेतलेल्यांना आता अपडेट येणार की नाही हेच कळेना. त्या फोनचं बूटलोडर उघडता येत होतं, म्हणून मालक निदान कंपन्यांच्या भांडणात अडकून पडले नाहीत.

घड्याळांमध्ये पेबल या स्मार्टवॉचचं उदाहरण मी भेटेल त्याला सांगतो. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांनी या घड्याळासाठी एक कोटी डॉलरच्या वर पैसे दिले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी गुंडाळली गेली, फिटबिटने तिची मालमत्ता घेतली, आणि २०१८ च्या जूनमध्ये सर्व्हर बंद झाले. ती घड्याळं ड्रॉवरमध्ये जायची. पण रीबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने स्वतःचे सर्व्हर उभे करून ती चालू ठेवली. पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा सोर्स कोडच खुला केला. पेबलच्या मूळ संस्थापकाने त्यावर नवी घड्याळं काढायला घेतली. एका मोठ्या कंपनीला किल्ली देणं जमलं. मग इतरांना का जमू नये?

उलट उदाहरणंही आहेत. स्पॉटिफायने २०२२ मध्ये गाडीत लावायचं ‘कार थिंग’ बाजारात आणलं आणि ९ डिसेंबर २०२४ ला ते दूरवरूनच बंद केलं. एलजीने २०२१ मध्ये फोनांचा धंदा सोडला आणि वर्षाअखेरीस बूटलोडर उघडून देणारी सेवाही बंद केली. म्हणजे कंपनी गेली आणि किल्लीही घेऊन गेली. ह्वावेने २०१८ पासूनच उघडण्याचे कोड देणं थांबवलं. शाओमीने हायपरओएस ही आपली प्रणाली आल्यावर उघडण्याच्या अटी वाढवल्या. सॅमसंगच्या वन यूआय ८ या प्रणालीत बूटलोडर उघडण्याचा पर्यायच गायब झाल्याचं २०२५ मध्ये दिसून आलं. दरवर्षी दार थोडं थोडं लागत चाललं आहे. हे पत्र आत्ता लिहिण्याचं कारण तेच आहे.

पुण्याचा या सगळ्याशी जुना संबंध आहे. पहिल्या पिढीतल्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. फॉन्ट बदलला तरी जोडाक्षरं फुटायची आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागायची. तेव्हा फोन रूट करून (प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून), रॉम (बाहेरची प्रणाली) टाकून, मराठी नीट दिसावी म्हणून धडपडणाऱ्यांना मुक्त फॉन्टांचा मोठा आधार होता. त्यातल्या लोहित फॉन्टांवर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात आणि २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटीत फेडोरा या लिनक्स प्रणालीचे वापरकर्ते आणि डेव्हलपर यांचं फडकॉन संमेलन भरलं. आपल्याच भाषेचं, आपल्याच गरजेचं काम कोणा परक्या कंपनीच्या यादीत वर येण्याची वाट न पाहता स्वतः करायचं, ही सवय या शहरातल्या पोरांना अशा गटांनी लावली. कॉलेजातल्या अभ्यासक्रमात कर्नल शिकणं वेगळं आणि आपल्याच जुन्या फोनसाठी कर्नल बांधून तो बूटलूपमधून (पुन्हा पुन्हा चालू-बंद होण्यातून) बाहेर काढणं वेगळं. दुसऱ्यात लॉग (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) वाचायला लागतात, परक्या देशातल्या अनोळखी माणसाला नेमका प्रश्न विचारता यावा लागतो, आणि उत्तर मिळालं की ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवावं लागतं. कंपन्यांना असेच इंजिनिअर हवे असतात आणि ते तयार होतील अशी साधनं मात्र कुलूपबंद होत आहेत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नव्या उपकरणांवर माझा राग नाही. घडीचा फोन, अंगठीत मावणारे सेन्सर, चष्म्यातला कॅमेरा, पाच-सहाशे रुपयांत वायफाय आणि ब्लूटूथ देणारा ईएसपी३२ बोर्ड, हे सगळं पाहिलं की मला आजही हात लावून बघावंसं वाटतं. पण यातल्या प्रत्येक वस्तूचा जीव कंपनीच्या सर्व्हरला बांधलेला असेल, तर मी ती विकत घेतली असं कशाला म्हणायचं?

आता मार्गाबद्दल. महाराष्ट्रात फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला अभिहस्तांतरण माहीत असतं. बिल्डरने इमारत बांधली, फ्लॅट विकले, पैसे घेतले, तरी जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे केली नाही, तर सोसायटी अडकून पडते. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्या अशा अडकल्या होत्या आणि अजून आहेत. फ्लॅटमालकीच्या मोफा कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं. बिल्डर सही करत नसेल, सापडत नसेल, तरी सक्षम प्राधिकारी कागदपत्रं पाहून हस्तांतरण करून देतो. उपकरणांसाठी मला नेमकं हेच हवं आहे. कंपनीने अपडेट थांबवताना स्वतः किल्ली द्यावी. ती देत नसेल, देश सोडून गेली असेल किंवा बुडाली असेल, तर कोणीतरी सक्षम यंत्रणेने ती द्यावी.

त्यासाठी किल्ली आधीपासून कुठेतरी ठेवलेली हवी. उपकरण भारतात विक्रीला आणतानाच बूटलोडर उघडण्याची सोय आणि कर्नलचा बांधता येईल असा पूर्ण कोड एका सरकारी संस्थेकडे सीलबंद जमा करावा, अपडेट चालू असेपर्यंत तो कोणी उघडू नये, आणि मुदत संपली की तो जाहीर व्हावा. ती संस्था कोणती, हे विभागाने ठरवावं. माझं मत विचाराल तर सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक दिला आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्यात वाटा उचलला. असा कोड नीट सांभाळण्याची आणि तो खरोखर बांधला जातो का ते तपासण्याची क्षमता तिथे आहे.

कंपन्या सुरक्षेचा मुद्दा काढतील, म्हणून त्याचं उत्तर आधीच देतो. अँड्रॉइडचं बूटलोडर अधिकृत मार्गाने उघडलं की फोनमधली सगळी माहिती पुसली जाते, त्यामुळे चोराच्या हाती फोटो किंवा बँकेचे तपशील लागत नाहीत. चोरीचा फोन संचार साथी या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाने बंद करता येतो आणि बूटलोडर उघडल्याने ती नोंद पुसली जात नाही. नवं सॉफ्टवेअर बसवून पुन्हा कुलूप लावण्याची सोयही करता येते. पिक्सेल फोनांवर मालकाच्या स्वतःच्या किल्लीने कुलूप लावता येतं आणि ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारित खुली प्रणाली हाच मार्ग वापरते. मोडेमचं सॉफ्टवेअर बंदच राहू द्या, त्याला रेडिओच्या परवान्यांची कारणं आहेत. चिप कंपनीचे बंद ड्रायव्हरही मी मागत नाही. ते आहेत तसे, पण पुढे वाटण्याच्या परवानगीसह मिळाले तरी डेव्हलपर पुष्कळ काही करू शकतात.

एका प्रश्नाला मात्र आपल्या विभागापलीकडे जावं लागेल. कुलूप उघडलेल्या फोनवर कित्येक बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. ताजा सुरक्षा अपडेट बसवलेला फोन बाद आणि वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला पण कुलूपबंद फोन चालतो, असं घडतं. रिझर्व्ह बँक आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला सोबत घेतल्याशिवाय हे सुटणार नाही. विभागाने त्यांना निदान एक पत्र पाठवावं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यायला सांगितलं आहे. तेच फोन तिथे जास्त जगणार आणि इथे कमी, असं होऊ नये. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत वस्तू नूतनीकरण करून विकणाऱ्यांना स्थान आहे. पण सॉफ्टवेअर जुनंच ठेवून नवं कव्हर आणि नवी बॅटरी घातलेला फोन पुन्हा विकला, तर ते नूतनीकरण अर्धवटच राहतं.

निर्देशांकाचे गुण कंपन्यांनी स्वतः जाहीर करावेत आणि ते दुकानात, ई-कॉमर्सवर, खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, असं आराखड्यात सुचवलं आहे. स्वतः जाहीर केलेला गुण खरा आहे का, हे कोण तपासणार? सॉफ्टवेअरच्या निकषापुरतं याचं उत्तर आमच्याकडे आहे. कंपनीने कोड दिला म्हणून सांगितलं, तर तो उतरवून घ्यायचा, बांधायचा आणि फोनवर फ्लॅश करून (बसवून) बघायचा. बांधला जातो की नाही, फोन चालू होतो की नाही, हे एक-दोन संध्याकाळींत समजतं आणि कोणालाही पुन्हा करून पाहता येतं. पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत, हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्यांत, देशभरातल्या डेव्हलपर गटांत हे आवडीने करणारी माणसं आहेत. त्यांच्या तपासणीचे निकाल नोंदवण्याची अधिकृत जागा ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर द्यावी. खोक्यावर गुणांशेजारी शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख आणि बूटलोडर कधी उघडता येईल ती तारीख, दोन्ही ठळक छापावी. आणि या निकषांवर हरकती-सूचना मागवाल तेव्हा त्या मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत स्वीकाराव्यात, तपकीर गल्लीतल्या कारागिरांनाही बोलवावं आणि एक सुनावणी पुण्यात ठेवावी. कोड बांधून दाखवायला मी माझा लॅपटॉप घेऊन येतो.

आपला विश्वासू,
कोथरूडचा एक तंत्रप्रेमी, पुणे